श्रीपतीतात्यांचा गाठींचा दोर

कळसच्या श्रीपतीतात्यांचं काम पाऊस मोजायचं. रोज सकाळी साडेआठला शाळेमागच्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. शिवाय दर शनिवारी ते स्वतःच्या हौसेनं गावातल्या सहा विहिरी मोजत. हाताहातावर गाठ मारलेला दोर, त्याला खाली दगड. जितक्या गाठी भिजल्या तितकं पाणी.

तेवीस वर्षांच्या वह्यांनी त्यांच्या जिवाला घोर लावला होता. गाव म्हणे, पाऊस आटला. वही म्हणे, पाऊस जवळपास तेवढाच. फक्त पूर्वी चाळीस दिवस पडायचा, आता वीस दिवसांत उरकतो. विहिरी मात्र दर साल खाली. चार बोअर होते तिथं सव्वाशे झालेले, आणि जिकडंतिकडं ऊस. आभाळाला शिव्या घालणं सोपं, ते कुठं उलटून बोलतंय! तात्या पारावर घसा कोरडा करत. लोक माना डोलवत आणि बोअरच्या गाडीला नंबर लावत.

तात्यांच्या बौद्ध वस्तीची विहीर तेवढी टिकून होती. सत्तावन्न साली, धम्म घेतल्यावर, दुसऱ्याच्या काठावर ओंजळ धरायची नाही म्हणून वस्तीनं ती स्वतः खोदली. पंधरा वर्षांच्या तात्यांनी मुरमाच्या पाट्या वाहिल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळातही तिनं तहान भागवली.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात मुलगा संघपाल बारामतीच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून उसाच्या नादानं परतला. तळहातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्यावर त्याचा विश्वास नव्हता, बापाचाच मुलगा. त्यानं बापाच्या वह्या वाचल्या आणि बोअरसाठी जागा धरली ती वस्तीच्या विहिरीला खेटून. तात्या गाडीला आडवे गेले.

"आबा, तेवीस वर्षांत तुमची वही कुणी वाचली न्हाय," संघपाल म्हणाला. "म्या वाचली."

तात्यांना संताप आला. पण कुणीतरी वही वाचली, याचं मेलं बरंही वाटलं. ते बाजूला झाले.

साडेतीनशे फुटांवर पाणी उसळलं. वस्तीत पेढे वाटले गेले.

तिसऱ्या शनिवारी तात्यांनी विहिरीत दोर सोडला. दगड खडकावर आपटला. ओढला तर दोर कोरडा ठणठणीत. वस्तीतली सगळ्यांत थोरली अक्काबाई हंडा घेऊन काठावर उभी होती.

"किती गाठी भिजल्या रं, श्रीपती?"

पलीकडं संघपालची मोटार चालूच होती. तात्यांनी वहीत शून्य लिहिलं. शेजारच्या रकान्यात ते नेहमी कारण लिहीत. आज तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.