डब्यातली काडतुसं

मनोहरराव ढवळ्यांचा जन्म डेट्रॉइटच्या मोटारींच्या ब्रेकमध्ये खोट काढण्यात गेला, आणि निवृत्त झाले तेव्हा खोट काढायला घरात कुणी उरलं नव्हतं. पत्नी अहिल्याबाई गेल्या होत्या, मुलगी नेत्रा सिअॅटलला संसारात होती. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या त्या चार बेडरूमच्या घरात तीन बेडरूम नुसत्या हीटरने गरम होत होत्या.

शेजारचा अर्ल त्यांना एका शनिवारी शूटिंग रेंजवर घेऊन गेला. मनोहररावांचा नेम असा, की समोरचा कागद तेवढा सुरक्षित. पण झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच पुन्हा वापरता येतं, त्यात नवी दारू भरून वर नवी गोळी बसवता येते, हे कळलं आणि आतला इंजिनियर खडबडून जागा झाला. तळघरात गोळी दाबून बसवायचा हाताचा प्रेस आला, तराजू आला. प्रत्येक काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजताना ते इतके खूश दिसत, की लग्नाच्या फोटोतही तसे दिसले नव्हते.

घोटाळा डब्याने केला. अर्ल महिन्याकाठी पत्र्याच्या गोल डब्यातून कुकीज आणून देई. शेजारणीचा डबा अहिल्याबाईंनी कधी रिकामा परत पाठवला नव्हता. चिवडा, वड्या, काहीच नसलं तर निदान साखर. मनोहररावांना चहापलीकडे काही येत नव्हतं. मग त्यांनी डब्यात स्वतः भरलेली काडतुसं घातली. अर्लने झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "थँक यू, मॅनी." तेव्हापासून हा फराळ दर महिन्याला सुरू झाला.

मग एका शनिवारी सकाळी त्यांनी घरी उरलेलं एक काडतूस सहज मोजलं. आखूड. दुसरं मोजलं, ते आणखी आखूड. प्रेसवरचा नट ढिला होऊन गोळी दर खेपेला थोडी थोडी खोल बसत गेली होती. गोळी आत सरकली की दारूला जागा कमी, जागा कमी की दाब जास्त. आणि पिस्तुलाच्या एवढ्याशा काडतुसात केसभर फरकाने दाब असा चढतो, की पिस्तूल हातातच फुटायचं. याच घाण्यातली काडतुसं परवा डब्यातून गेली होती. खिडकीतून पाहिलं, अर्लचा ट्रक जागेवर नव्हता. फोन केला, उचलला नाही. रेंजवर कानांना मफ लावलेला माणूस उचलणार कसा?

इतक्या वर्षांत मनोहररावांनी स्पीड लिमिट कधी मोडलं नव्हतं. ते त्या दिवशी मोडलं. रस्ताभर त्यांना अर्लचा जाड, लाल पंजा दिसत होता. शनिवारी त्यांच्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

"अर्ल, थांब! माझी काडतुसं झाडू नकोस!"

रेंजवाल्याने त्यांना दंडाला धरून पिवळ्या रेघेमागे ओढलं. अर्लने पिस्तूल खाली ठेवलं, मफ काढला आणि समोरचा काडतुसांचा खोका दाखवला. दुकानातला होता.

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी झाडत नाही, मॅनी. कुणीच झाडत नाही. रागावू नकोस."

"मग घेत का होतास?"

"तू देताना फार आनंदात असायचास."

अर्लच्या गॅरेजमध्ये फळीवर सगळा फराळ नीट रचून ठेवलेला होता. मनोहरराव स्टुलावर बसले. जीव भांड्यात पडला होता आणि तोंड कडू झालं होतं, दोन्ही एकदमच.

"सगळी फोडायला हवीत," ते म्हणाले.

अर्लने कवचातून गोळी सोडवायची हातोडी काढली, दुसरं स्टूल ओढलं. एकजण ठोकत होता, एकजण दारू वेगळी करत होता. बऱ्याच वेळाने अर्ल म्हणाला, "पुढच्या वेळी खायचं काहीतरी घाल."

"मला येत नाही रे."

"मला तरी कुठे येतं? डबा माझ्या मार्गीचा आहे. ती होती तोवर तिच्या हातच्या असायच्या. आता दुकानातल्या आणतो आणि यात ओततो."

मनोहररावांनी मान हलवली. त्या कुकीज त्यांनी कधी खाल्ल्याच नव्हत्या, मधुमेह होता. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रिकामा डबा घेऊन घरी आल्यावर त्यांनी नेत्राला फोन लावला. "शिऱ्याला रवा किती घ्यायचा गं?"

"बाबा, वेदची सॉकर मॅच चालू आहे. टेक्स्ट करते, ओके?"

अहिल्याबाईंच्या रव्याच्या बरणीत जाळी धरली होती. मनोहररावांनी बरणी धुऊन पालथी घातली, टेक्स्ट आला का ते बघितलं आणि गाडीची किल्ली घेतली. इंडियन स्टोअरला निघताना तो पत्र्याचा डबाही मापाला बरोबर घेतला. त्यात शिरा किती मावेल याचा अंदाज नव्हता, पण तो दाबून भरायचा नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.