सोलापुरात विणलेलं चिलीचं आभाळ

साताऱ्याहून सोलापूरच्या एसटीत बसले तेव्हा आमच्या आकाशप्रेमी मंडळाने मला तीन गोष्टी बजावल्या होत्या: वेळेवर जा, भिंतीवर लावायचा पडदा घे आणि कुणाशी भांडू नकोस. तिसरी मला जरा अवघडच.

पडदा इनेसबाईंसाठी होता. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या या अगदी पहिल्या खगोलशास्त्रज्ञ बाई. बाईमाणसाने रात्री दुर्बिणीपाशी थांबायचं नाही असा नियम होता, तेव्हा त्या दिवसा आकाशाचे काचेवरचे फोटो तपासत बसल्या आणि त्यातूनच तेज कमीजास्त होणारे तारे शोधून काढले. मग वेधशाळेच्या साहेबांना दुर्बिणीची किल्ली द्यावीच लागली. आमच्यासारख्या हौशी लोकांच्या बावळट प्रश्नांनाही त्या वर्षानुवर्षं उत्तरं पाठवत आल्या. आता त्यांची दृष्टी गेली आहे. तेव्हापासून बाईंनी ताऱ्यांचं नावच टाकलंय, असं त्यांच्या भाचीने कळवलं, आणि मला रडू आलं. म्हणून हा पडदा: खाली वेधशाळेचा डोंगर, वर मृग नक्षत्र, आणि प्रत्येक तारा जाड सुताचा, बोटाला लागेल असा.

सोलापुरात फेब्रुवारीतच ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाल्या चाचांनी मला आधी भलत्याच टॉवेलच्या कारखान्यात नेलं. "टॉवेल नको, पडदा हवाय," म्हटलं, तर म्हणाले, "तो पैले बोलना था ना, बाजी." पुढे पडदा विणणाऱ्या शंकरअण्णांचं घर सापडलं. घरात आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि मागे हातमागाची खटखट. त्यांच्या बायकोने, लक्ष्मीअक्कांनी, सर्वपिंडी (तांदळाच्या पिठाचं, शेंगदाणे घातलेलं थालीपीठ) पुढे ठेवली. मी दोन खाल्ल्या आणि पडदा उलगडला.

काम सुरेख होतं. फक्त मृग सरळ होता.

चिली पृथ्वीच्या दक्षिण अंगाला. तिथून आपला मृग डोकं खाली, पाय वर असा दिसतो. आम्ही चित्र तसंच काढून पाठवलं होतं.

"चित्रात चूक होती की ओ ताई," अण्णा म्हणाले. "डोंगर सरळ, नक्षत्र उलटं. मीच सरळ करून विणलो."

"विचारायचं तरी."

"गिऱ्हाइकाची चूक त्याला दाखवायची नसते. गुपचूप नीट करून द्यायची. आमच्या वडिलांपासून असंच आहे."

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आमच्या मंडळातली मेधा परवा विमानाने चिलीला निघणार, नवीन विणायला काही आठवडे, आणि आंधळ्या बाईच्या हातात आम्ही खोटं आभाळ देणार. अक्का शांतपणे म्हणाल्या, "अजून एक घ्या, मग भांडा की."

अंधार पडल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. डोक्यावर मृग, अगदी पडद्यातल्यासारखा. अण्णांनी नुसतं बोट दाखवलं. मी त्यांना खाटेवर उताणं झोपवलं आणि डोकं कडेवरून खाली सोडायला लावलं. तसेच उलटे होऊन ते मृगाकडे बघू लागले.

"अय्यो," ते म्हणाले. "असं दिसत होतं होय त्यांना? लई मोठी चूक झाली, ताई."

त्यांचा आवाज इतका पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. दुसरा उपाय नव्हता. आहे तसाच पडदा घेऊन मी सकाळची गाडी पकडली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत राहिल्या आणि मी मांडीवरच्या पिशवीतून ते सरळ तारे चाचपत राहिले. माणूस आयुष्यभर आपल्याच गच्चीवरून आभाळ बघतो आणि तेच सरळ समजतो. मी तरी वेगळं काय करते?

पुढच्या आठवड्यात मेधाचा चिलीहून फोन आला. इनेसबाईंनी पडदा मांडीवर घेतला होता. आधी डोंगर चाचपला, मग एकेक तारा, आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, हे उलटं आहे, कुणी केलं? मग हसल्या. मग कुठल्या गावाहून मृग असा दिसतो, व्याधाचा तारा मग कुठल्या बाजूला येतो, तिथे उन्हाळ्यात आभाळ कसं असतं, असं तासभर विचारत बसल्या. भाची दारात उभी राहून रडत होती.

मी लगेच अण्णांना फोन लावला. म्हटलं, "अण्णा, बाईंनी तुमची चूक पकडली बरं का."

पलीकडे माग थांबला.

"पकडली?" अण्णा म्हणाले. "मग दिसलं की ओ त्यांना."