मधला बांध, वरून

मुलीने वाढदिवसाला विमानाचं तिकीट दिलं आणि वर सांगितलं की हे विमान जागचं हलत नाही. कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली, खोलीत एक खुर्ची, समोर तीन मोठे पडदे. ओझरहून उडायचं, नाशिक आणि आसपासचे डोंगर बघायचे, वीस मिनिटांत परत उतरायचं. एरवी मी गेलो नसतो. अंबडला माझं वर्कशॉप आहे; सतराव्या वर्षी सातपूरला दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो तेव्हापासून खोट्या वस्तूवर वेळ घालवलेला नाही. पण मला एक गोष्ट वरून बघायची होती.

गिरणाऱ्याच्या पुढे आमची जमीन. वडील गेल्यावर रीतीप्रमाणे वाटणी झाली. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी आपला वाटा उचलायचा. मी धाकटा, रस्त्याकडचा उचलला आणि सौदा जिंकल्याच्या आनंदात बरीच वर्षं तिकडे फिरकलो नाही. पुढे गेलो तर मधला बांध माझ्या वावरात पोट काढून आलेला, वर दगड रचून पक्का केलेला. दादाने बांध कोरला, असं मी चार माणसांत ओरडलो. आमच्याकडे याहून वाईट आरोप नाही. दादा शांतपणे म्हणाला, "वर जाऊन बघ, मग बोल." भाऊ मला वर जायला सांगतो, म्हणजे मर म्हणतो. चार वर्षं आम्ही बोललो नाही. सरकारी मोजणीचा अर्ज भरून गाडीच्या डिकीत ठेवला होता, सोमवारी द्यायचा. एकदा मोजणी लागली की भाऊ संपला, उरतो तो लगतचा खातेदार, हे मला माहीत होतं.

विमान चालवायला शिकवणारे गृहस्थ ओझरला विमानांच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. माझा हात दांड्यावर, त्यांचा माझ्या हातावर. आडगाव गेलं, गोदावरी आली. रामकुंड सतरंजीसारखं सपाट. पांडवलेण्यांचा डोंगर हुबेहूब, पण लेणीच नाहीत. माझ्या वर्कशॉपचं छप्पर मी पाण्याच्या टाकीवरून ओळखलं आणि उगाच दोन घिरट्या घातल्या. तक्रार सोडून मी कुतूहलाने बघायला लागलो होतो. आमच्या गावात देवळाच्या जागी दुमजली कौलारू बंगला उभा होता. मी चिडलो, हे सगळं बनावट आहे म्हणालो. ते म्हणाले, जमिनीचं चित्र उपग्रहाचं आहे. घरं आणि झाडं कॉम्प्युटर आपल्या मनाने उभी करतो, पण जमिनीचा चढउतार बराचसा खरा असतो.

गाव ओलांडल्यावर वावर दिसलं. बांधाचं पोटही दिसलं. मी ते ओळखीचं वाकडं वळण बघून खूश झालो, तेवढ्यात ते म्हणाले, उतरायची वेळ झाली.

"उतरायला किती मिनिटं?"

"पाच."

"मला उतरायचंच नाही. ती पाच मिनिटं इथं द्या."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत विमान उतरवू नका म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच, म्हणाले. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि विमान हवेत थांबलं. आता फक्त नजर हलत होती.

माझ्या बांधाला जसा बाक होता, तसाच बाक वरच्या वावराच्या कडेला होता. त्याच्याही वरच्या वावरात काळपट पट्टा, आणि तो थेट डोंगराच्या घळीत शिरलेला. लहानपणी त्या घळीतली ओघळ मला ठाऊक होती, पण ती दुसऱ्या अंगाला जाते असं समजत होतो. वरच्यांनी नांगरून ती बुजवली असणार. जोराचा पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट धरत असणार आणि वळणावर धडकत असणार ते माझ्या काठाला. बांधाला पोट पाण्याने आणलं होतं, आणि दादाचे दगड त्याच काठाला होते. ते नसते तर आणखी किती वावर गेलं असतं, याचा हिशेब माझ्यासारख्या लेथवर शिकलेल्या माणसालाही चटकन लागला.

वर जाऊन बघ. वर म्हणजे वावराच्या वरच्या अंगाला.

पार्किंगमध्ये डिकी न उघडता फोन लावला. चार वर्षांनी काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं.

"दादा, वर जाऊन आलो."

तिकडे टोमॅटोचे क्रेट आपटल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं आता ऐकवणार.

"चढ लय हाय तिकडं," दादा म्हणाला. "गुडघ्याला तरास नाय ना झाला?"

बसूनच गेलो होतो, हे मला सांगवेना.