शिट्टी उजवीकडून येत होती

यास्ना रिफ्फो लोता गावची, समुद्रकाठची. तेमुको शहरात शिक्षिकेचं शिकायला आली तोवर तिनं बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीबाजारात, माशांखाली अंथरलेला. खोलीवर एकटीला करमेना म्हणून ती विद्यापीठाच्या डोंगर मंडळात शिरली. चालायला सगळ्यांत हळू. मंडळाचा म्होरक्या इस्माएल कार्कामो यानं तिला कायमची रांगेच्या शेवटी टाकली.

"तुझ्यामागं कुणी राहता कामा नये, एवढंच बघ."

मुलं तिला केरसुणी म्हणायची. सगळ्यांत जास्त एलियास ओन्याते. "चला रे, केरसुणी आली, कचरा उचलून घ्या!"

तिकडं ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. त्या ऑगस्टच्या थंडीत मंडळी दोघादोघांच्या कमरेला एक दोर बांधून लोन्किमाय ज्वालामुखीच्या सोंडेवरून उतरत होती. एलियासच्या बुटाखालच्या काट्यांचा पट्टा सुटला. तो बांधायला वाकला, यास्ना त्याच्यापाशी थांबली, आणि तेवढ्यात पांढरा वारा सुटला. खालचा बर्फ वर उडाला, वरचा खाली आला. पुढची माणसं कुणी पुसून टाकावीत तशी दिसेनाशी झाली. यास्ना हाका मारून दमली. एलियासचा एक हातमोजा वाऱ्यानं नेला.

मग शिट्टी ऐकू आली.

"उजवीकडं! कार्कामो वाजवतोय. चल!"

तिलाही ऐकू आली होती. पण चढताना डाव्या हाताला, म्हणजे आता उजवीकडं, तिनं घळ पाहिली होती. ती इथंच, की बरीच खाली? काही कळेना.

"नाही जायचं. इथंच खड्डा खणू."

"वेडी झालीस का? ते बोलावतायत आपल्याला!"

"आणि मध्ये काय आहे, दिसतंय तुला?"

"तू शेपूट आहेस गं, म्होरक्या नाहीस!" तो निघालाच. यास्नानं दोघांच्या कमरेचा दोर आवळला आणि अंग टाकून बर्फात बसली. तो ओढत राहिला, ती हलली नाही. शेवटी तो रडकुंडीला येऊन तिच्याशेजारी कोसळला.

जेवायच्या थाळीनं तिनं उतारात बीळ कोरलं. त्याच्या उघड्या हातावर स्वतःचे जादा पायमोजे चढवले. भाजलेल्या गव्हाचं पीठ बर्फात कालवून त्याच्या तोंडात कोंबलं. शिट्टी अजून वाजत होती. खरंच आपण याला मारतोय का इथं बसवून?

थोड्या वेळानं एलियास उगीचच हसायला लागला आणि टोपी काढू लागला. थंडीनं त्याचं भान सुटत होतं. तिनं त्याच्या थोबाडीत दिली.

"शिव्या दे मला."

"काय?"

"दे म्हणते ना! थांबलास तर आणखी एक खाशील."

त्यानं दिल्या. तिच्या चालण्याला, तिच्या गावाला, गावातल्या माशांना. जीभ जड झाली तरी ती त्याला बोलतं ठेवत राहिली. शिट्टी कधी थांबली, दोघांनाही कळलं नाही.

दिवस कलताना वारा पडला. यास्नानं डोकं बाहेर काढलं. उजवीकडं चार ढांगांवर बर्फाची कड हवेत लोंबत होती आणि तिच्याखाली तळ दिसत नव्हता. घळीच्या पलीकडच्या काठावर, वाऱ्यात भरकटून तिकडं गेलेला इस्माएल उभा होता, दोन्ही हात हलवत. एलियासनं ते पाहिलं आणि दोर घट्ट धरला.

ते उतरून अराउकारियाच्या झाडांत पोचले तेव्हा इस्माएल लांबचा वळसा घालून धावत आला. त्यानं दोघांचे खांदे नुसते चाचपले.

थंडीनं एलियासच्या उघड्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत गेली. इस्पितळात त्याची आई यास्नावर उसळली. "शिट्टी ऐकूनसुद्धा माझ्या पोराला बसवून ठेवलंस? अशी कशी गं तू?" एलियास समजावत होता, पण आईला ते ऐकायचं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत यास्ना डोंगराकडं फिरकली नाही. रात्रभर झोप लागायची नाही, कानात शिट्टी वाजायची.

त्या हिवाळ्याचा बर्फ वितळल्यावर इस्माएलनं एलियासच्या आईला सोंडेवर नेलं. ती घळीच्या काठाशी बराच वेळ उभी होती म्हणे.

त्याच आठवड्यात ती यास्नाच्या खोलीवर आली. घरचा पाव फडक्यात गुंडाळून आणला होता. ती खाटेवर बसली, पाव मोडला आणि मोठा तुकडा यास्नापुढं धरला.

"खा बाई," ती म्हणाली. "गरम आहे अजून."