व्हिसाच्या खिडकीत दिलेलं उत्तर

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण लेकीचा परदेशातला व्हिसा नूतनीकरणात अडकला होता. एकदा बाहेर पडली की तिथलं सरकार परत आत घेईल, याचा भरवसा नव्हता. मग माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी एकटी. तिचे वडील कधीच गेले, आणि दुसरं मूल आम्हाला नाही.

डिंकाचे लाडू वळून ठेवले आणि माझ्या व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला गेले. खिडकीतल्या बाई मराठी बोलल्या, तेव्हा जिवात जीव आला.

"लेकीकडे किती दिवस राहणार?"

आता पाहुण्यानं आपल्या जाण्याचा दिवस आधीच सांगणं, हे आमच्या वरवंड गावात तुसडेपणाचं. आपण 'निघते' म्हणायचं, घरच्यांनी 'राहा की' म्हणायचं, असं दोन-तीनदा झाल्यावर कुठं पिशवी उचलायची. मी हसून म्हटलं, "ते काय माझ्या हातात हाय व्हय? लेक सोडंल तवा यायचं."

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही परत याल अशी खात्री वाटत नाही," म्हणाल्या आणि पासपोर्ट माघारी सरकवला.

मला असा राग आला! या वयात मी तिकडं काय लपून बसणार होते? पाटसच्या कारखान्याला माझा ऊस कोण घालणार होतं? पण हे सगळं सुचलं ते परतीच्या एसटीत.

नात झाली. तिची पहिली आंघोळ मी फोनवर पाहिली. जावई न्हाऊ घालत होते आणि मी इथून ओरडत होते, "मान धरा, मान." फोन बंद झाला की घर खायला उठायचं. बाळंतिणीचे लाडू मीच खाल्ले, रडत रडत.

आता नातीच्या वाढदिवसासाठी पुन्हा अर्ज करायचाय. लेक दर रविवारी फोनवर माझा सराव घेते.

"आई, या वेळी दिवस नेमके सांग. आन् गावाकडं माणसं तुझी वाट बघत्यात, हे त्यांना पटलं पायजे. नुसत्या उसानं भागायचं न्हाई." मग त्या बाईंसारखा करडा आवाज काढून तिनं विचारलं, "गावी तुमचं कोण आहे?"

मी आठवायला लागले. खरंच आठवत होते.

शेवटी लेक तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई आज."