दहावा माणूस

वडील गेल्यानंतरचा तो पहिला शनिवार. मला त्यांच्यासाठी कद्दिश म्हणायची होती. मृतांसाठीची ही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाही, आणि नाशकात आम्हा बेने इस्रायली ज्यूंची घरं मोजकीच. सिनेगॉग नसल्यामुळे आमच्याच दिवाणखान्यात जमलो होतो. नऊच जण होतो.

तेवढ्यात मनमाडहून बोलावलेले एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. हेल्मेट काढलं, तर खाली प्रार्थनेची टोपी होतीच. किल्ली आणि मोबाईल त्यांनी बाहेर बुटात ठेवले, मग दाराच्या चौकटीला हात लावून बोटं ओठांशी नेली.

"शाब्बाथला गाडी?" आमचे एक काका खोचकपणे म्हणाले. शनिवारच्या या विश्रांतीच्या दिवशी आमच्यात वाहन चालवायचं नसतं.

"पायी निघालो असतो तर उद्या पोचलो असतो, काका. दहावा माणूस उद्या चालला असता का?"

काकासुद्धा हसले. मी कद्दिश म्हटली. पाहुण्यांचं 'आमेन' सगळ्यांत ठाम होतं.

ते निघाले तेव्हा मी जेवायचा आग्रह केला. बूट चढवत ते म्हणाले, "नको. आज पहाटे आई गेली."

"अहो, मग तुम्ही आलात कसे?"

"शाब्बाथला दफन करत नाहीत ना. बहीण बसलीय तिच्यापाशी." त्यांनी हेल्मेट घातलं, पुन्हा काच वर केली. "उद्या मलाही दहा जण लागतील. याल?"