नऊ जनांचं ‘हाय’

“नऊ माणसांनी नुसतं हाय-हॅलो केलंय. मत एकानंही दिलेलं नाही,” अद्वैत म्हनला, आन स्क्रीनवरच्या चौकोनातली सगळी तोंडं हसली. एकीनं हात हलवायचं चित्र टाकलं. मंग दुसऱ्यानं. मंग सगळ्यांनीच.

मी बी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारन लाज मला त्याचीच वाटती.

मंग त्यो हसायचा थांबला. “खरं सांग, हे नऊ मोबाईल तुझ्या एकटीच्याच घरात आहेत ना?”

बाकी सगळ्यांना त्यो ‘अहो’ म्हनतो. मला ‘अगं’. वयानं मी त्याच्याहून मोठी हाय.

आमची संस्था इंटरनेटवरची. क्रिप्टोवाली. तिला ऑफिस न्हाई, मालक न्हाई, साहेब न्हाई, असं तिच्या पहिल्याच पानावर लिवलंय. जगभरातले सभासद मिळून फंड जमवतात आन चांगल्या कामाला ग्रँट देतात. कुनाला द्यायची ते त्या त्या भागातल्या मानसांनी मत टाकून ठरवायचं. मत आपल्या भाषेत लिवलं तरी चालतं, असा नियमच हाय. नगर जिल्ह्याचं हे काम माझ्याकडं. अद्वैत पुन्याचा, साऱ्या देशाचं बघतो. साहेब न्हाई म्हनायचं, पन शेवटचा शिक्का त्याचाच.

अर्ज रुबीनाचा हुता. सुप्याच्या एमआयडीसीत ती कंत्राटी कामगार. दिवसभर उभं ऱ्हाऊन पुठ्ठ्याची खोकी बांधती. तिथला ठेकेदार हजेरीत खाडाखोड करतो. आलेल्या बाईला गैरहजर लावतो, वर म्हनतो, पुरावा दाव. रुबीनाचं म्हननं, बायांनी गेटातनं आत जाताना आपल्याच मोबाईलवरनं हजेरी लावायची, आन ती ब्लॉकचेनवर बसवायची. तिथं बसलेली नोंद कुनाच्या बापाला खोडता येत न्हाई. दोन वरसं मी गावोगाव हे तंत्र समजावत हिंडले, पन ते कशासाठी हाय ते मला रुबीनानं शिकवलं.

आमच्या समितीत अकरा जन. मिरजगावचे शेतकरी, सुप्याच्या बाया, सायकल दुरुस्तीवाले सय्यदचाचा. अर्जाखाली प्रश्न हुता, ‘या कामाला तुमची संमती आहे का?’ नऊ जनांनी लिवलं, ‘हाय’. दोघांनी लिवलं, ‘न्हाई’. मतं मोजनाऱ्या यंत्रानं ‘हाय’ म्हंजे इंग्रजीतला रामराम धरला आन उचलून टाकून दिला. ‘न्हाई’ मात्र बराबर वळखलं. निकाल काय? बाजूनं शून्य, इरोधात दोन. अर्ज बाद. वर नऊ खात्यांवर शेरा, संशयास्पद.

आन मी काय केलं? माफी मागितली. “सॉरी, आमच्याकडे लोक शुद्ध बोलत नाहीत. मी त्यांच्याकडून परत मत घेते.” अगदी असं म्हनले. आमच्याकडे. काय पन माझी ती नाजूक जीभ!

ही जीभ चौथीत घडली. आमचं घर मांगवाड्यात. बाप केकताडाचे दोर वळायचा. वर्गात बाईंनी इचारलं, वही आहे का? मी म्हनले, हाय. बाईंनी बाकावर उभं केलं आन साऱ्या वर्गाला म्हनल्या, “यांच्या वस्तीत जिभेलासुद्धा आंघोळ नसते.” पोरं खिदळली. त्या दिसापासनं मी ‘आहे’ म्हनाया शिकले. आरशापुढं उभं ऱ्हाऊन शिकले. बी.एस्सी. झाले, नगरला खोली घेतली, मीटिंगा गाजवल्या. सुट्टीला गावाकडं गेले की बाप म्हनायचा, “आमची लेक पाव्हनी झाली.” मला ते कवतिक वाटायचं.

दुसऱ्या दिशी मिरजगावला गेले. सय्यदचाचा पंक्चर काढत हुते. म्हनलं, “चाचा, परत मत द्यायचंय. इंग्रजीत यस लिवा, न्हाईतर नो.”

“कशापायी? एकदा दिलंय की.”

मी सगळं सांगितलं. ट्यूब पान्यात दाबून धरत त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे मी जिकलो?”

“व्हय.”

चाचा उठलेच. “आगं, मी न्हाई म्हनलं, कारन ठेकेदार पोरींना कामावरनं काढंल असं मला वाटतं. आजबी वाटतं. पन नऊ जनांनी मला हारवलंय. उजळ माथ्यानं हारलोय मी. आन त्यांची तोंडं दाबून मला जिकवता व्हय? असली जीत घालायची काय चुलीत? मी हारलोय, तर हारलेलंच लिवा. आन तू गं? तू कुनाच्या बाजूची?”

ज्याचं मत निवडून आलं त्या मानसाला त्याची शरम वाटत हुती, आन ज्यांची मतं कचऱ्यात गेली त्यांची मी समन्वयक, तर मी त्यांना शुद्धलेखन शिकवाया आल्ते. थू माझ्या जिंदगानीवर. मी तिथंच फूटपंपाशेजारी बसून रडले. चाचांनी मला गप केलं न्हाई. त्यांनी पंक्चर काढलं.

संध्याकाळी अद्वैतला फोन करून ‘हाय’चा अर्थ सांगितला. त्यो हसला. “ओह! किती क्यूट!” म्हनला, “रुबीनाला ग्रँट देऊ आपण. माझ्या अधिकारात, विशेष बाब म्हणून. तू फक्त एका निवेदनावर सही कर.” निवेदनात लिवलं हुतं, स्थानिक मतदानात गोंधळ झाला, संशयास्पद खाती आढळली, तरीही उदार दृष्टीनं ग्रँट मंजूर.

सही केली की रुबीनाचं काम हुनार. न्हाई केली की लटकनार. माझ्या एकटीच्या तोऱ्यापायी तिचं नुकसान कसं करू? तिला फोन केला. जेवनाची सुट्टी हुती, मागं बायांचा गलका.

सगळं ऐकून ती म्हनली, “ताई, हितं ठेकेदाराची मेहरबानी, तिथं त्या दादाची. मंग मी अर्ज तरी कशाला केला?” वर म्हनली, “मला घाई लई हाय. पन खोट्या कागदावर नको.”

पुढच्या मीटिंगला मी माझ्या बोलीत बोलले. पहिल्यांदा.

“ग्रँट द्यायची तर नऊ जनांनी दिली म्हनून द्या. तुमी दिली म्हनून नको. त्या नऊ जनांना मी नावानिशी वळखते, तुमी त्यांना खोटी खाती ठरवलंत. ती मतं मोजा आन संशयास्पद ह्यो शब्द मागं घ्या. मी सही करनार न्हाई.”

कुनी हात हलवायचं चित्र टाकलं न्हाई.

“अगं, शांतपणे विचार कर,” अद्वैत म्हनला. “तुझं पद जाऊ शकतं.”

“अहो म्हना,” मी म्हनले. “आन पद काढायचं तर मतदान घ्या. संस्थेला मालक न्हाई ना?”

त्याला आता महिना झाला. अर्ज अजून लटकलेलाच हाय. रुबीना अजून त्याच ठेकेदारापुढं उभी ऱ्हाती, हे मला रोज टोचतं. पन मी मागं फिरले न्हाई. जगातल्या सगळ्या सभासदांपुढं ठराव टाकलाय, नऊच्या नऊ मतं मोजा. खाली अकरा नावं हायेत, सय्यदचाचांचं बी. ठराव आमच्या बोलीत लिवलाय, आसंच, हाय तसा. काल अद्वैतचा निरोप आला, याचं इंग्रजी भाषांतर जोडा, म्हंजे पुढं सरकवता येईल.

न्हाई जोडनार. उभ्या जन्मात मीच तुमच्यासाठी भाषांतर करत आले. आता बसा तुमी, आन शिका.